भट्टीच्या दारातला खड्डा

पोलादपुरात मी सून म्हणून आले तेव्हा समोरच्या घरातल्या बाईने माझं पहिलं कौतुक केलं ते असं : "पोर बरी हाय, पन हात लोन्याचे हायत." बोलणारी होती बनुबाई, भागोजी लोहाराची बायको. मी महाडची, बाजारपेठेत वाढलेली, जिभेला धार असलेली. मला राग आला. मग तिने ओटी भरायला हात पुढे केले, तेव्हा तिचे तळवे पाहिले आणि राग गिळला. तिथे रेषा अशा राहिल्याच नव्हत्या, नुसते दोरीचे घट्टे होते. कुठल्याच ज्योतिषाला भविष्य सांगता आलं नसतं.

ती सगळ्या आळीची काकी, म्हणून माझीही काकी झाली. तिचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्याने तिला भात्यापुढे बसवलं. तेव्हापासून ती तिथेच. भागोजी ऐरणीवर, ही भात्यावर. लोकांना वाटतं भाता ओढायला ताकद लागते. काकी म्हणायची, ताकद रेड्यालाही असते. आच कधी वाढवायची, कधी नुसती जागती ठेवायची, लोखंड कधी पांढरं पडायला लागलंय आणि आता एक दम जास्त दिला तर जळेल, हे सगळं ती निखाऱ्याच्या आवाजावरून सांगे. घाटावरचे, कुडपणचे लोक नांगराचे फाळ आणि कोयते घेऊन उतरायचे ते भागोजीचं नाव घेत. पण कोयत्याला पाणी चांगलं बसलं की भागोजीच म्हणायचा, "आच हिची हाय."

भागोजी बोलायचा कमी आणि ऐकायचा त्याहून कमी. जन्म घणाच्या आवाजात गेलेला, कान गेले होते. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. त्यामुळे त्या घरातलं काहीच खाजगी नव्हतं. आज मीठ जास्त पडलं, हे आम्हाला रस्त्यापलीकडे कळायचं.

मग काकीला धाप लागायला लागली. आधी पावसाळ्यात, मग बारा महिने. भाता ओढताना मध्येच थांबायची, छातीवर हात धरायची, आणि कुणी पाहिलं तर पदर सारखा करते आहे असं दाखवायची. महाडच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्पष्ट सांगितलं, धूर आणि भाता दोन्ही सोडा. काकी घरी येऊन म्हणाली, "डाक्टरला लोहारसाळ कुटं म्हाईत?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी धरली.

गावात वीज नुकतीच आली होती, साठ सालानंतरची ही गोष्ट. आमची भाताची गिरणी होती, तिच्यावर वायरिंगला सहदेव म्हणून एक जण यायचा. मूळचा कुडपणचा, मुंबईत एका कारखान्यात वायरमनकी करून परत आलेला. माणूस हुशार, पण आपण हुशार आहोत हे दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. काकीची धाप त्याने पाहिली आणि भागोजीच्या कानात ओरडला, "काका, भात्याच्या जागी ब्लोअर लावू या. बटन दाबायचं, हवा चालू. बम्बईत सगल्या भट्ट्या आशाच चालतात."

भागोजीने आठवडाभर विचार केला. मग एक दिवस काकीला तुडीलला लेकीकडे पाठवून दिलं. "आवडीकडं जा, चार दिस निवांत बस," एवढंच म्हणाला. ती गेल्यावर सहदेवला निरोप धाडला. भागोजीचा हेतू चांगला होता. काकी परत आली की भाता नाही, धाप नाही, असा सगळा बेत. पण बायकोच्या माघारी तिची जागा बदलायची नसते, एवढं शहाणपण पुरुषांना येईपर्यंत त्यांचं वय निघून जातं.

मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला तो ब्लोअर म्हणजे लोखंडी गोगलगाय होती. पोटात पंखा, तोंडाला नळी, नळीवर हवा कमीजास्त करायची झडप. काम कधी करायचं, तर अमावास्येला. त्या दिवशी भागोजीची भट्टी बंद असे. बाप पाळत होता, आजा पाळत होता, म्हणून हाही पाळत होता. सहदेवला थंड भट्टीच हवी होती.

सहदेवने काम मात्र नीट केलं, त्याला नावं ठेवणार नाही. तार भट्टीच्या आचेपासून लांब, लोखंडी पाइपातून भिंतीवरून नेली. खटका आणि फ्यूज लाकडी फळीवर, दाराशी, जिथे पाण्याचा शिंतोडा जाणार नाही. लोखंड विझवायची पाण्याची कुंडी भट्टीला लागूनच, त्यामुळे साळेतली जमीन कायम ओली. त्यात भागोजी अनवाणी. भट्टी ही लक्ष्मी, तिच्यापुढे पायताण घालून उभं राहायचं नाही. सहदेवने डोकं धरलं. मग म्हणाला, "ठीक हाय. मंग अर्थिंग डबल पक्का करतो."

म्हणून त्याने साळेच्या उंबऱ्याबाहेर, जिथे कुंडीचं सांडपाणी मुरायचं, तिथे कमरेइतका खड्डा खणला. तळाला तांब्याचा पत्रा ठेवला, त्याला तांब्याची जाड तार जोडली, ती भिंतीच्या भोकातून आत नेऊन ब्लोअरच्या अंगाला बोल्टने आवळली. खड्ड्यात कोळशाचा एक थर, खड्या मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. मला हाक मारली, "शकूवयनी, दोन बादल्या पानी आना." मी नेलं आणि त्याच्या सांगण्यावरून खड्ड्यात ओतलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बिघाड झाला ना, तर विजेला पलायला वाट पायजे. ही तिची वाट. ओली जमीन, मीठ, कोलसा, म्हंजे ती सरल खाली जाते आनि फ्यूज उडतो. वाट नसंल तर ती मानसातनं जाते." मग म्हणाला, "आनि गंमत बगा. ही तार तुटली तरी ब्लोअर चालतच राहनार. कुनाला काय कलनार नाय. मशीन चालंल, मानूस चालायचा नाय."

हे बोलून तो स्वतःच खूश झाला. मी मनात म्हटलं, पुरे कर तुझं मुंबईपण. पण वाक्य डोक्यात राहिलं, आणि राहिलं म्हणून बरं झालं.

खड्डा बुजला. भागोजीने दुसऱ्या दिवशी नारळ फोडला, तोही ब्लोअरवर नाही, ऐरणीवर, कारण सहदेव आडवा उभा राहिला होता. खटका दाबला, निखारे फुलले. भागोजीने टोपी काढून डोकं पुसलं आणि परत घातली. त्याचा आनंद एवढाच असायचा.

तीनचार दिवसांनी काकी तुडीलहून आली. एसटीतून उतरून वर येताना तिला तुळजाबाई भेटली. तुळजाबाई म्हणजे आमच्या आळीचं वर्तमानपत्र, फक्त रोज निघणारं आणि फुकट. तिने सांगितलं, "तुज्या माघारी अवसंला तुज्या दारात खड्डा खनला गो. आनि ती म्हाडवाली पानी ओतत व्हती, म्या या डोल्यांनी बगितलं." सहदेव खड्ड्यात वाकलेला होता, तो तिला दिसला नसेल. किंवा दिसला असेल आणि सांगण्यात मजा वाटली नसेल.

काकी घरी आली. आधी साळेत पाहिलं. तिचा भाता वर तुळईला टांगलेला, तिच्या बसायच्या पाटावर कोळशाची टोपली, आणि भट्टीच्या कुशीत एक काळी लोखंडी वस्तू. पुढे एकदा तिने मला सांगितलं, "मला वाटलं मी मेलेय आनि मलाच म्हाईत नाय." तिने नवऱ्याला काही विचारलं नाही. ती बाहेर आली आणि उंबऱ्याशी उकरलेली माती पाहिली. मातीत मिठाचे खडे चमकत होते.

आमच्या भागात ज्याला थोडी समज आहे त्याला हे सांगावं लागत नाही. अमावास्या, दाराशी खड्डा, त्यात मीठ, कोळसा आणि तांबं. याला एकच नाव आहे, करणी. आणि उताराही ठरलेला आहे : जे पुरलंय ते काढायचं, वाहत्या पाण्यात सोडायचं, मागे वळून पाहायचं नाही आणि कुणाला बोलायचं नाही. बोललं तर उतारा फुकट जातो. भागोजी तेव्हा बाजारात गेला होता. काकीने कुदळ घेतली, धापा टाकत खड्डा उकरला. पत्रा वर आला, त्याला तार. तार भिंतीतून आत भट्टीकडे गेलेली. माझ्या घराच्या लक्ष्मीलाच बांधलंय, असं तिला वाटलं. तिने दोन्ही हातांनी तार ओढली, हिसके देदेऊन ओढली. भात्यावर जन्म काढलेले हात ते. तरी सुटेना तेव्हा छिन्नीने तोडली. पत्रा पदराखाली घेतला, सावित्री नदीच्या धारेत सोडला, आणि मागे न पाहता घरी आली. खड्डा सारखा केला. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता. एकतर बोलायचं नाही, आणि त्याला सांगायचं तर ओरडून. करणीची गोष्ट काय ओरडून सांगायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताटलीत घावन घेऊन गेले. काकी मागच्या दारी भांडी घासत होती. ताटली घेतली नाही. वर पाहिलं नाही.

"काकी, बरं नाही का?"

"बरी हाय. तुज्या मनात नसलं तरी."

मी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे. ताटली खाली ठेवली आणि म्हटलं, "माझ्या मनात काय आहे ते मला कळू दे तरी. काय केलं मी?"

ती घासत राहिली. तिच्या नियमाप्रमाणे बोलायचं नव्हतं, पण राग नियमाला कुठे विचारतो? शेवटी तिच्या तोंडून निघालंच, "दारात काय पुरलंस गो? माजं काय वाईट केलं मी? पोटच्या पोरीवानी वागवली तुला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि अंगाचा संताप संताप झाला. "मी पुरलं? सहदेवने पुरलं, विजेसाठी. काकांच्या समोर. मी दोन बादल्या पाणी ओतलं, त्याने मागितलं म्हणून. काकांना विचार."

"विजेला मीठ कशाला लागतं? वीज काय जेवती?"

"मला काय माहीत? पळून जायला वाट लागते म्हणे. ती तार..." आणि तिथे मला आठवलं, पुरलेलं काढून टाकतात ते. "काकी, ती तार कुठे आहे?"

"तोडली. पत्रा नदीत सोडला. काल सांजंलाच."

पुढून ब्लोअरचा घूं घूं आवाज येत होता. नेहमीसारखा, एकसारखा. सहदेवचं वाक्य मला आठवलं. "काका आत आहेत? काकी, त्या मशीनला हात लावला तर माणूस मरेल. तार नाही तर मरेल."

तिने मला पुन्हा विचारलं नाही. मी खोटं बोलते की खरं, मी करणी करणारी आहे की नाही, काही नाही. हातातलं भांडं टाकलं आणि धावली. मी तिच्या पुढे होते. साळेच्या दारात पोचले तेव्हा भागोजी आमच्याकडे पाठ करून उभा. अनवाणी, पायाखाली चिखल. डाव्या हातात सांडशी, सांडशीत तापलेला कोयता. आणि उजवा हात झडप फिरवायला ब्लोअरकडे निघालेला.

मी ओरडले. किती ओरडले मला माहीत नाही, रस्त्यावरची दोन माणसं थांबली म्हणतात. त्याला ऐकू आलं नाही. खटका दाराशीच, माझ्या हाताच्या अंतरावर होता. पण त्या क्षणी मला तो खटकाही विषारी वाटला. मी नुसती ओरडत उभी राहिले.

काकी मागून आली. ओरडायला तिच्या छातीत वारा नव्हता. ती मला ढकलून आत शिरली, ऐरणीवरचा हातोडा उचलला आणि रिकाम्या ऐरणीवर मारला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

लोहारकामात ही खूण असते. रिकाम्या ऐरणीवर हातोडा वाजला की घण मारणाऱ्याने थांबायचं, घण हवेत असला तरी. भागोजी बापाच्या हाताखाली घण मारत मोठा झालेला. माणसांचं बोलणं त्याच्या कानात शिरत नसे, पण ऐरण त्याला कानाने ऐकावी लागतच नव्हती. त्याचा हात झडपेपासून वीतभर अंतरावर थांबला. मग तो वळला, आणि बायकोला हातोडा धरून उभी पाहून इतका बुचकळ्यात पडला की कोयता तसाच हातात राहिला. काकी धापा टाकत होती. तिने खटक्याकडे बोट दाखवलं. तोवर माझ्या हाताला अक्कल आली होती, मी खटका पाडला. घूं घूं बंद झालं.

ओरडा ऐकून आमच्या गिरणीतून सहदेव आला. कुणी काही सांगायच्या आत त्याने भिंतीच्या भोकाशी तोडलेली तार पाहिली आणि शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण काकीकडे पाहून मिटलं. खिशातून वीज तपासायचा दोन तारांचा दिवा काढला. एक तार बाहेरच्या ओल्या जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला लावली, सगळ्यांना मागे केलं, खटका पुन्हा चालू केला आणि दुसऱ्या तारेचं टोक ब्लोअरच्या अंगाला टेकवलं.

दिवा पेटला. भर सकाळी, चांगला लख्ख.

खटका बंद करून त्याने ब्लोअरचं झाकण उघडलं. काकीने दिलेल्या हिसक्यांनी आतली जोडणी सरकली होती आणि एक उघडी तार ब्लोअरच्या अंगाला चिकटली होती. वर तिची पळायची वाट तोडलेली. भागोजीने आधी दिव्याकडे पाहिलं होतं, आता स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. मग धोतराला पुसला, जणू त्याला काही लागलंय.

काकी जिथे होती तिथेच, चिखलात खाली बसली. आणि रडायला लागली. नवरा करणीने जाऊ नये म्हणून जे केलं, त्यानेच तो चालला होता, हे तिला समजायला कुणी सांगावं लागलं नाही. मीही रडले. मला कुणाचा राग उरला नव्हता. भागोजी उभा आहे, त्याचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत, एवढं पाहूनच मला देव पावल्यासारखं वाटत होतं.

भागोजीने कोयता कुंडीत बुडवला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला. "मला का नाय इचारलंस?"

"तुमाला ऐकू येतं का?" काकी रडता रडता ओरडली.

"आता आलं की," भागोजी म्हणाला. मग म्हणाला, "तुला न इचारता भाता काडला, ते चुकलं माजं." सगळ्या आळीने ऐकलं. हळू बोलणं त्याला येतच नसे, आणि त्या दिवशी बरंच झालं.

माझ्या सासूबाई म्हणाल्या, आता ती विजेची बया साळेत नको, भाता पुन्हा उतरवा. मला वाटलं काकीही तेच म्हणेल. ती उठली, चूळ भरली, आणि सहदेवला म्हणाली, "परत लाव. पन मला दाखवून लाव. काय कुटं जातंय, कशाला जातंय, सगलं सांग." सहदेवला आयुष्यात इतका चांगला श्रोता मिळाला नव्हता. तासभर बोलला. काकी विचारत राहिली : तार तुटली का नाही हे कळायचं कसं? पाणी किती दिवसांनी घालायचं? उन्हाळ्यात माती सुकली तर? त्याने सांगितलं, महिन्यातून एकदा दिवा लावून मी बघेन, आणि पाणी तुम्ही रोज घाला. पुढे तिने रोज घातलं, अंगण सारवताना एक तांब्या आधी तिथे. भट्टीपुढे फळ्या टाकून घेतल्या आणि भागोजीला त्यांवरच उभं केलं. लक्ष्मी लाकडावर रागावत नाही, असं तिनेच ठरवलं. आच मात्र तिच्याच हातात राहिली. खटक्याजवळ पाट टाकून बसायची आणि आवाज ऐकून बोट वर-खाली करायची, भागोजी तसा झडप फिरवायचा. धाप पुरती गेली नाही, पण जिना चढल्यासारखी राहिली, छाती फुटल्यासारखी नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ती तशी बसलेली मी पाहिली.

पण ते पुढचं. त्या दिवशी दुपारी सहदेवने खड्डा पुन्हा खणला. पत्रा नदीत गेलेला. काकीने स्वतःचा गळका तांब्याचा हंडा आणून दिला, भागोजीने तो फोडून सपाट केला. कोळशाला तिथे तोटा नव्हता. सहदेव खड्ड्यातून म्हणाला, "मीठ आना."

काकी उठली. मला वाटलं घरात जाईल. ती रस्ता ओलांडून आमच्या ओट्याशी आली. सकाळच्या त्या प्रकारानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो, दोघींनाही कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं.

"शकू, मीठ दे."

"तुझ्याकडे संपलंय?"

"रांजन भरलेला हाय. पन त्या खड्ड्यात तुज्या घरचं पायजे."

आळीतल्या बायका दारांतून बघत होत्या, तुळजाबाई सगळ्यांत पुढे. मी आत जाऊन मिठाचं मडकं आणलं आणि खाली ठेवलं, तिने उचलून घ्यावं म्हणून. मीठ कुणी हातात देत नाही, भांडण होतं म्हणतात.

काकीने मडक्याला हात लावला नाही. तिने ते घट्टे पडलेले दोन्ही तळवे जोडून माझ्यापुढे धरले.

"भांडान काय व्हायचं ते झालं," ती म्हणाली. "दे हातात."

मी मुठी भरभरून तिच्या ओंजळीत मीठ घातलं.